तीन अँपियर

ऑगस्टात बसऱ्याच्या भिंती रात्रीही हात लावू देत नाहीत.
जनरेटरवाल्या अबू कर्रारकडून आम्ही महिन्याला
तीन अँपियर घेतो:
एक पंखा, दोन दिवे, फ्रीज
आणि काचेच्या पेटीतला तो अंगठ्याएवढा पंप
जो बुडबुडे सोडतो, सोडतो,
आणि थांबेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

रात्री पावणेदोनला तो थांबला.
आवाजानं नाही, आवाज गेल्यानं जाग आली.

पेटीत अठरा मासे.
अकरा माझे, सात उम्म रुसुलचे.

वरच्या मजल्यावरची उम्म रुसुल आणि मी
नऊ वर्षं एकमेकींना पाण्यात पाहत आलो.
जिन्यातली वायर कुणाची, गच्चीवरची टाकी आधी कुणी भरायची.
मग एका संध्याकाळी ती दारात, हातात बादली.
"माल्मोला चाललोय. पंधरा दिवस सांभाळशील?"
बादलीत सात सोनमासे, त्यातला एक काळा,
डोळे कपाळाबाहेर आलेले, जणू हे बोलणं त्यालाच पटलं नव्हतं.
त्या पंधरा दिवसांना आता दोन वर्षं झाली.

टॉर्च मारला.
सगळे वर आले होते,
पाण्याच्या सायीला तोंडं लावून
उघडझाप, उघडझाप.
कल्ले असे हलत होते की मलाच धाप लागली.
पाण्याबाहेर तडफडणारा मासा कुणालाही कळतो.
पाण्यात राहून गुदमरणारा
नुसता भुकेला दिसतो.
नवऱ्यालाही तसाच दिसला.
"खायला घाल त्यांना," कूस बदलत तो म्हणाला.

घातलं असतं तर उरलेला दाणा कुजला असता,
आणि कुजणंसुद्धा हवा खातं.
रात्री पेटीतल्या पाणवेलीही
दिवसा दिलेलं परत मागून घेतात.
हे सगळं दुकानदार यूनिसनं सांगितलेलं.
एवढ्या पेटीत पाच, फार तर सहा, हेही.
ऐकलं मी, हिशेब मात्र केला नाही.
वजाबाकी करायची तर
कुणाचे मासे आधी, ते ठरवावं लागलं असतं.

मी डाव घेतला.
पाणी भरायचं, हातभर वर न्यायचं, सोडून द्यायचं.
धार अखंड पडली तर उपयोग नाही,
ती फुटायला हवी.
फुटते तिथूनच वारा आत शिरतो.
फ्रीजमधली गोठलेली बाटली कोपऱ्यात तरंगत सोडली:
गार पाणी वारा धरून ठेवतं,
ऊन पाण्याची मूठ सैल.
आणि नळाचं तर खारट, म्हणून टँकरचं गोडं पाणी,
आमच्या उद्याच्या चहाचं,
दोन जग त्यांनाच घातलं.
एक डाव. दुसरा. शंभरानंतर मोजणं सोडलं.
साडेतीनला मुअतज उठला,
काही न विचारता माझ्या हातातून डाव घेतला.
तेरा वर्षांचा. सांगितलेलं एक काम कधी ऐकत नाही.

अजान झाली तेव्हा सतरा मासे खाली होते.
एक वरच, आडवा.
बाहेर आलेले डोळे तसेच, न पटल्यासारखे.
खजुराच्या मुळाशी मुअतजनं चमच्यानं माती उकरली.

दुपारी तिचा फोन.
ऑगस्टात अंगात स्वेटर, मागे राखाडी खिडकी.
"दाखव ना त्यांना."
माझ्यातही एक काळा आहे.
फोन काचेला लावला, तो नेमका समोर आला.

"जाडा झालाय," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"डोळ्याखाली ठिपका होता त्याच्या. गेला?"

"गेला," मी म्हणाले.

खूप वेळ कुणीच बोललं नाही.
वीज होती. पंप चालू होता.
मी फोन बाजूला घेऊ लागले तशी ती म्हणाली,
"राहू दे गं, धर तसाच.
बुडबुड्यांचा आवाज येतोय."