बेगमी

तांदूळ : माणशी महिन्याला सहा किलो.
आपण चौघं. तू म्हणालास, सहा महिने धरू.
मी म्हटलं, ऋजुता घास मोजून खाते, तिचे तीनच धर.
तू धरले नाहीस.
मुलं वाढतात, म्हणालास, काहीही चालू असलं तरी.

शुऐबाच्या गोदामात अठरा वर्षं
व्हॉल्व्ह, गॅस्केट, बोल्ट मोजणारा तू
फहाहीलच्या फ्लॅटात पलंगाखाली तूरडाळ मोजू लागलास.
डब्याडब्याला कार्ड. आवक, जावक, शिल्लक.
जुनं पुढे, नवं मागे.
उसळीला मूठभर मटकी घेतली
तरी जावकच्या रकान्यात माझी सही.

हसत होते मी,
त्या जूनपर्यंत.
वीज गेली अकरा तास. फ्रीजरमधली सुरमई, मटार,
दापोलीहून जपून आणलेला खोवलेला नारळ,
सगळं काळ्या पिशवीत घालून खाली नेलं
आणि जिन्यातच मला कळलं :
या देशात थंडीवर विसंबायचं नाही.
मग मीही लागले.
डाळीला एरंडेल चोळलं. तांदळात लवंगा.
ज्वारी अख्खीच ठेवायची, पीठ कडू होतं;
म्हणून बाजारातून एक लोखंडी हातचक्की,
जिच्यावर तुझे दोन्ही खांदे दुखले.
तेल सगळ्यात आधी दगा देतं.
मीठ कधीच नाही.

रात्री आपण त्या सगळ्यावर झोपायचो,
धनावर बसलेल्या नागांसारखे,
आणि खिडकीत रिफायनरीची ज्योत.
भीती कशाची, ते नाव घेऊन कधी बोललो नाही.
आकाशातून काही येईल,
जहाजं समुद्रात अडतील, असंच काहीसं.

आला एक कागद.
मंगळवारी. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती.
गोदाम यापुढे यंत्र मोजणार.
इकाम्याला तीस दिवस.

तू कार्डं घेऊन बसलास.
आयुष्यात पहिल्यांदा भागाकार उलटा केलास :
रोज चार किलो आठशे ग्रॅम
शिजवले, तर संपेल.

शिजवले.
समोरची उम्म करीम पाच पोरांना घेऊन आली,
वरणात लिंबू पिळून म्हणाली, हे आमच्या अदससारखंच.
तिसऱ्या मजल्यावरचे दोन मल्याळी नर्स-भाऊ
रात्रपाळीआधी यायचे, ताटं घासून जायचे.
राखणदार सत्तार दारातच बसायचा.
आत ये म्हटलं तरी दारातच.
चौथ्या दिवशी त्याने तिसऱ्यांदा भात मागितला
तेव्हा तू विचारलंस,
आणि त्याने बोटं दाखवली : चार.
चार महिने पगार नाही.
जिन्याखालची त्याची खोली
बरोब्बर आपल्या पलंगाखाली येते,
दोन मजले सोडून.

तू काही बोलला नाहीस.
हरभऱ्याचा डबा उचलून खाली नेलास.
त्याचं कार्ड कोरंच राहिलं.
अठरा वर्षांतली तुझी पहिली चूक,
मी दुरुस्त केली नाही.

शेवटी मीठ उरलं. सात किलो.
रिकाम्या ओट्यावर ठेवून आलो, नव्या भाडेकरूसाठी,
चक्कीशेजारी.

विमानात ऋजुताने ट्रेमधला पाव
कागदी रुमालात गुंडाळला, बॅगेच्या तळाशी ठेवला.
किती? तू विचारलंस.
एक, ती म्हणाली.
तू खिसे चाचपत होतास,
पेनसाठी.