प्रतीचा रकाना

लोकरीच्या काट्यावर सॅना ब्यूकसने तिला ठेवली
गोणपाटात गुंडाळून.
एक किलो सहाशे.
एका मेंढीची लोकर याहून जड भरते, म्हणाली,
आणि गोणपाट जरा सैल केलं.

पहाटे कोल्ह्याच्या सापळ्यात सापडली होती,
कारूच्या पठारावर, जिथे झाड म्हणजे पवनचक्कीचा खांब
आणि सावली म्हणजे त्या खांबाची रेघ.

वाळल्या गवतावर कुणी घाईघाईने
काजळाची बोटं पुसावीत, तशी कातडी.
खांद्यावर ठिपके सुटे सुटे,
मांडीवर येता येता त्यांचेच पट्टे झालेले,
पुढच्या पायांत काळी कडी.
शेपूट आखूड, शिवताना दोरा संपल्यागत.
कान बाजूला पाडलेले. आणि डोळे
एवढ्याशा तोंडाला फार मोठे,
कुणाकडून तरी उसने आणलेले,
परत करायची इच्छा नसलेले.

ती फिस्कारली तेव्हा
छपरावरची कबुतरं उडाली.

सॅनाने पंजा उलटा केला.
तळवा काळा. बोटांमधले केससुद्धा काळे.
"रात्रभर चालते ना," दारातून फ्लोर्स म्हणाला,
"अंधार लागला असेल पायाला."
सापळा त्यानेच लावला होता.
कुणी हसलं नाही.

माझ्या भाषेत मांजर म्हणजे वाघाची मावशी.
इथे हिला म्हणतात वारुळातला वाघ.
नात्याची भानगड नाही,
वाघ तो वाघच, फक्त वारुळात मावणारा.
वाळवीने सोडलेल्या पोकळ ढेकळात दिवसभर झोपते,
झाडावर चढत नाही,
पाण्याचं कुणाला विचारत नाही,
उंदराच्या रक्तात असतं तेवढं पुरतं.
रात्री बाहेर पडते ती चंडोल, जर्बिल, टोळ
जे पुढ्यात येईल त्याच्यासाठी,
आणि दोन पिल्लांसाठी थोडं जास्त.
म्हातारे तर सांगतात, जिराफाच्या नरड्याला
लोंबकळून तिने त्याला आडवा केला.
खोटं असेल.
पण एक किलो सहाशेबद्दल
असं खोटं उगाच कोण रचेल?

एक बोट गेलं होतं. बाकी पाय शाबूत.
सॅनाने जखमेला मेंढ्यांचं जांभळं औषध लावलं,
त्याबद्दल मनगटावर चार ओरखडे घेतले.

ऊन कलल्यावर फ्लोर्सनेच गोणपाट उचललं,
वारुळापर्यंत नेलं, तोंड उघडलं
आणि मान फिरवून उभा राहिला.
गेली कशी, कुठे, त्याला दिसलं नाही.
बघायचं नव्हतंच बहुतेक.
येताना सापळ्याची स्प्रिंग खिशात घालून आला.

महिनाअखेर मालकाने लोकरीची वही तपासली.
मधेच एक ओळ: १.६००.
प्रतीचा रकाना कोरा.
"ही कुठली लोकर?"

सॅना गठ्ठा बांधत होती.
दोरी दातात धरून म्हणाली,
"परत गेली."