पातळ

आमची वाईन ग्लासात ओतली
की ग्लासाखालचं टेबल दिसत राहतं:
सुरीचे चरे, मेणाचा डाग,
आणि कोपऱ्यात वडिलांनी खिळ्यानं कोरलेला
एकोणीसशे बहात्तरच्या सुगीचा हिशोब,
जो कधीच जुळला नाही.

कोन्सेप्सिओनहून आलेल्या व्यापाऱ्यानं
ग्लासाखाली स्वतःचा तळहात धरला,
रेषा वाचल्यासारखं केलं
आणि म्हणाला, पातळ आहे.
वडील म्हणाले, रंग हवा असेल
तर रंगाच्या दुकानात जा.
तो गेला.
जाताना किलोचा भाव सांगून गेला,
पावाहून स्वस्त, नेहमीसारखा.

द्राक्षाचं नाव पाईस. म्हणजे देश.
कुणी ठेवलं, ठाऊक नाही.
खोड माझ्या मांडीएवढं, पीळ बसलेलं,
ना तार, ना खांब.
इतातेच्या उतारावर एकेक वेल ओणवी,
तुटलेल्या माळेचे मणी वेचायला
एदुविहेस आत्या बसली होती तशी.
वय विचारलं की वडील दोन बोटं दाखवत. दोनशे.
कधी तीन.
त्या दिवशी किती घेतलीय त्यावर.

माझ्या भावानं, लाउतारोनं,
त्याच्या वाट्याचे साडेचार हेक्टर
पाइन लावणाऱ्या कंपनीला दिले.
वेली उपटताना साखळी तीनदा तुटली.
त्या रात्री तो जेवायला आला नाही.
त्याचं ताट सकाळी कोंबड्यांना घातलं
आणि पुढची नऊ वर्षं वडील
'वरची बाजू' एवढंच म्हणत राहिले.

फेब्रुवारीत आग वरच्या बाजूनंच आली.
पाइन पेटतं तेव्हा
उतारावरून ट्रक यावा तसा आवाज होतो,
फक्त तो येऊन पोचत नाही, येतच राहतो.
आम्ही ओली पोती घेऊन उभे:
मी, आत्या, शेजारचा फिदेन्सियो,
आणि खालून धावत आलेला लाउतारो,
एकाच पायात बूट.
कुणी काही बोललं नाही.
त्याच्या हातात पोतं दिलं.

पहिल्या सहा ओळी गेल्या.
सातवीत पानं चरचरली,
तापल्या कढईत ओली भाजी पडावी तशी,
आणि आग तिथेच बसली.
जुनं खोड, आत पाणी धरलेलं.
त्याला पेटायची घाई नव्हती.

एप्रिलमध्ये उरलेलं तोडलं,
वेताच्या जाळीवर हातांनी चोळून दाणे पाडले,
आजोबांच्या लाकडी पिंपात ओतले.
वाईन उतरली नेहमीसारखीच फिकट,
डाळिंब सोलून धुतलेल्या हातांच्या पाण्यासारखी.
पण नाकाशी नेली की चूल,
विझलेली, दुसऱ्या दिवशीची.
व्यापाऱ्याला कळवलंच नाही.
ते वर्ष आम्हीच प्यायलो.

पहिला घडा फोडला त्या रविवारी
वडिलांनी न विचारता चौथा ग्लास मांडला.
लाउतारो बराच वेळ प्यायला नाही.
मान खाली घालून ग्लासातून खाली बघत राहिला.
मग म्हणाला, इथे चुकलंय.
हातचा एक घ्यायचा राहिलाय.

वडिलांनी चष्मा पुसला, वाकले,
खिळ्याच्या खाचांवरून बोट फिरवलं,
ओठ हलवत पुन्हा बेरीज केली,
पंचेचाळीस वर्षांनी.

मग ग्लास त्याच्याकडे सरकवत म्हणाले,
आधी पी.
गरम होतेय.