चौथा रकाना

रुवीत, मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर
आमचे टायपिंग सेंटर. तीन संगणक, एक एसी,
आणि एसीखाली ठेवलेली बादली.
मी गुहागरची. बोटे अरबीत चालतात,
हिशेब अजून मराठीतच करते.

इनोका आली तेव्हा दुपारची बांग नुकतीच संपली होती.
कडेवर तीन वर्षांचा पोरगा,
त्याच्या मुठीत बिस्किटाचा रिकामा पुडा. सोडीना.
ती श्रीलंकेतल्या मातऱ्याची, पोरगा नेपाळचा.
"माझा नाही," ती म्हणाली,
आणि लगेच त्याला घट्ट धरले.

सुनमाया, त्याची आई, शेजारच्या बंगल्यात कामाला होती.
तापाचे निमित्त झाले.
तिच्या पेटीचे कागद नऊ दिवसांत निघाले;
मेलेल्याला फार प्रश्न विचारत नाहीत.
पोराचे राहिले.
जन्माचा दाखला नाही,
बापाच्या रकान्यात आडवी रेघ,
आणि अकरा महिने
इनोकाच्या खाटेची अर्धी बाजू.

मग कागदांची ये-जा सुरू झाली.
दूतावासातले लामिछाने, मिसरूडही नीट न फुटलेले कारकून,
रोज संध्याकाळी फोन करत, "दिदी, आज काही आले?"
जणू घरचेच लग्न होते.
निवारा केंद्रातल्या मारिविकने
(तिची दोन मुले मनिलाला, व्हिडिओवर मोठी होतात)
कुठल्या दवाखान्यातून लसीचे कार्ड शोधून काढले, देव जाणे.
रामेछापच्या डोंगरातून मामाचा अंगठा आला,
सोबत पत्र, वर मथळा: वडा कार्यालय.
मी सकाळपासून उपाशी. हसू फुटले.
त्यांचा वडा म्हणजे वॉर्ड, लामिछान्यांनी समजावले,
मग आमचा वडा मी त्यांना समजावला.
तेवढी एक दुपार बरी गेली.

खात्यातले साहेब, सालिम, दिशदाशाला कडक इस्त्री.
स्क्रीनवर मामा उगवला, डोक्यावर ढाका टोपी,
मागे कोंबड्या.
पोरगा ओरडला, "मामा!"
साहेब दचकले. आई तर वारली ना?
त्यांच्याकडे मामा म्हणजे आई.
मी म्हटले, आमच्यात आईचा भाऊ.
नेपाळीत? तेच. सिंहलीत?
इनोकाने मान हलवली, तेच.
साहेब जरा गप्प राहिले, मग म्हणाले,
"म्हणजे माझेही फार चुकले नाही."

राहिला चौथा रकाना. नाते.
मूल सोपवणाऱ्या बाईचे मुलाशी असलेले.
रक्ताचे नाही. कायद्याचे नाही. शेजारीण लिहावे
तर शेजारणी आपली अर्धी खाट देत नाहीत.
माय मरो, मावशी जगो,
तोंडातून आपसूक गेले,
आणि बोटांनी अरबीत उमटवले: खाला.

साहेबांनी दोन पासपोर्ट शेजारी ठेवले,
सुनमायाचा रद्द झालेला, इनोकाचा चालू.
एकावर डोंगर, एकावर सिंह.
चष्मा काढून बाहीला पुसला.
"बहिणी?"
इनोका बोलली नाही. मीही नाही.
लामिछाने भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले.
शिक्का तसा हलकाच पडला.

मारिविकच्या ओळखीची एक परिचारिका सुट्टीवर काठमांडूला निघाली होती,
तिच्या बोटाला धरून तो गेला.
पुडा इनोकाकडे राहिला.
दोन दिवस ती उठली नाही.
मालकिणीने विचारले म्हणे, कोण गेले?
तिने काय सांगितले, मला ठाऊक नाही.
अर्जाची फी मी घेतली होती, खोटे कशाला बोलू.
एक रियाल.

काल ती परत आली. बरोबर युगांडाची एक बाई,
हाताला पट्टी, नजर जमिनीवर,
पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
इनोकाने तिच्यासाठी खुर्ची ओढली,
स्वतः उभी राहिली.
मी नवा अर्ज उघडला. तीन रकाने भरले.
चौथ्याशी थांबून तिच्याकडे पाहिले.

"लिही," ती म्हणाली, "तेच."