होल्डिंग

अक्कलकोट रोड एमआयडीसी, रात्रीचे पावणेदहा.
गुंडेटींच्या शेडात लेथ चकात रोलर धरून अडलेली.
हिरवं बटण दाबलं की स्पिंडल फिरतो,
सोडलं की थांबतो.
"हात काढला की बंद पडलालंय बे," इरण्णा म्हणतो.
दुपारपासून बटणावर अंगठा देऊन उभं असलेलं पोरगं
माझ्याकडे बघत अंगठा चोळतं.

पॅनल उघडतो. आत अजून दुपारच आहे.
मीटरची काळी वायर कॉमनला,
लाल एकेका नंबरावर टेकवत जातो.
ट्रान्सफॉर्मरचे एकशेदहा, आहेत.
लाल बटणाच्या पलीकडे, आहेत.
ओव्हरलोडचा पंच्याण्णव, शहाण्णव. आहेत.
पोरगं बटण दाबतं, कॉन्टॅक्टर ठक्कन बसतो.
म्हणजे कॉइल शाबूत.
बसतो, पण बसून राहत नाही.

मेन पाडतो.
कॉन्टॅक्टर पेचकसानं दाबून धरतो,
मीटर तेरा-चौदाला.
वाजायला हवा. वाजत नाही.

होल्डिंगचा ब्लॉक खोलला तर चांदीच्या दोन टिकल्यांमध्ये
तेलानं भिजलेला गुलाबी तंतू.
भिंतीपलीकडे टॉवेलचे माग आहेत,
तिथला कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराचा
उडून इथं येऊन बसलाय.

"बटणात काडी खोचतो म्हणलं मी," पोरगं सांगतं,
"तर काका मारायलाच उठले."

इरण्णा काही बोलत नाही.
उजवा हात दिव्याखाली धरतो.
मधलं बोट पहिल्याच पेरापाशी संपलेलं.
"त्या मशीनला काडी होती.
लाईट गेलती. मी चक पुसत होतो.
लाईट आली."

टिकल्या पुसतो, ब्लॉक बसवतो, मेन वर.
पोरगं बटण दाबतं, आणि सवयीनं
अंगठा तसाच ठेवतं.
"सोड की," म्हणतो मी.
सोडतं. स्पिंडल फिरत राहतो.
ते अंगठ्याकडे बघतं, मग स्पिंडलकडे.

मी पेटी आवरायला घेतो
तर इरण्णा भिंतीपाशी जाऊन मेन पाडतो.
अंधार. चक घरंगळत, घरंगळत गप्प.
पलीकडच्या मागांचा खडखडाट तेवढा चालू.
तो मनातल्या मनात काहीतरी मोजतो,
मग खटका वर.

ट्यूबलाइट लुकलुकून लागते.
लेथ जागची हलत नाही.

आणखी थोडा वेळ उभा राहतो तो,
मग म्हणतो, "हां. आता झालं,"
आणि चक पुसायला फडकं मागतो.