तुरळक ठिकाणी

सोमवारी मी लिहितो :
सांगली जिल्हा, पुढचे पाच दिवस
आकाश अंशतः ढगाळ,
तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम.

दुपारी मणेराजुरीहून हौसाक्का मुळीकांचा फोन.
"साहेब, हे तुरळक कुठल्या तालुक्यात येतं?
तेवढं गाव सोडून बाकीच्यांनी छाटणी धरावी म्हणते."
मागं कात्र्यांना धार लावल्याचा आवाज.
टोळी शुक्रवारी सावळजला जाणार,
आणि हस्ताचे चार दिवस अजून शिल्लक.

मी आर्द्रता सांगतो : पहाटेची ब्याण्णव.
"ते दोरीवरच्या लुगड्यानं कालच सांगितलं.
पेस्ट लावू का नको, एवढंच बोला."

माझ्या नकाशावर अंगठ्याएवढा हिरवा डाग,
त्याच्याखाली एकवीस गावं.
मी म्हणालो, शक्यता कमी आहे.
कमी म्हणजे किती, त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी रात्री मिरजेत कोरडं.
गच्चीवरून दंडोबाकडं वीज दिसली,
आवाज आला नाही.
शुक्रवारी फोनही नाही.

सोमवारी मात्र वाजला.
"साहेब, सापडलं तुरळक.
ओढ्याच्या अलीकडं, माझ्याच दोन एकरांत.
पलीकडं धुरळा उडतोय.
पेस्ट धुतली सगळी.
असू द्या.
उद्याचं सांगा,
बायका परत बोलावल्यात."