दीड मिलिमीटर

बर्गारा. नदीकाठचा कारखाना.
इथे पंप जन्मत नाहीत, परत येतात:
बेकऱ्यांचे, दूधसंघांचे,
एकदा तर बुडालेल्या मासेमारी बोटीचा,
पोटात मीठ घेऊन.

नेकाने बावीस वर्षं ते उघडते आहे.
उघडता उघडता बनवणारा कळतो तिला.
हा घाईत होता.
याला वाटलं, आपल्यामागे कुणी येणारच नाही.
याने स्क्रूच्या डोक्यांवर रंग फासला
आणि रंगावर कंपनीचं नाव.

बिल्बाओहून उनाई आला, आराखडे काढणारा.
बूट स्वच्छ.
तिने त्याच्यापुढे त्याचाच पंप ठेवला:
"उघड."

पाठ चाचपली, पोट चाचपलं,
सांधा सापडेना.
सापडला तो डिंकाने लिंपलेला.
चाळीस मिनिटांनी कवच तडकलं
आणि अंगठ्याचं रक्त ॲल्युमिनियमवर.
ती काही बोलली नाही. पट्टी दिली,
मग पाव आणि मेंढीच्या दुधाचं चीज.

खाताना म्हणाली, आई कपडे शिवायची माझी.
शिवणीच्या आत दोन बोटं कापड दडवायची.
मी वाढले की उसवायची.
एक निळा झगा, चार वर्षं.
"तुझ्या पंपात उसवायला काहीच नाही, पोरा."

तो गेला. पत्र नाही, फोन नाही.
तिच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.

मग अकराव्या वर्षी, अस्तुरियासच्या एका डेअरीतून,
दह्याचा वास येणारा एक पंप.
चार स्क्रू, चारी एकाच मापाचे.
कडेला खाच, पेचकस टेकेल एवढी.
खाचेशी कोरलेला बाण, बोलावणारा.
सात मिनिटांत तो टेबलावर मोकळा पडला.

तिने भिंतीची जाडी मोजली.
पुन्हा मोजली.
दीड मिलिमीटर जास्त.

नव्या पंपाला याचा काडीचा उपयोग नाही.
उलट वजन, उलट खर्च.
कुठल्या तरी बैठकीत कुणीतरी
या दीड मिलिमीटरसाठी वाईटपणा घेतला असणार.

आमच्याकडचे शिंपी
शिवणीत दडवलेल्या कापडाला
माया म्हणतात.
नेकानेला हे ठाऊक असायचं कारण नाही.

तिने लेथ सुरू केला.
झिजलेली, चरे पडलेली कातडी
चकचकीत वेटोळी होऊन खाली पडली.
अर्ध्या मिलिमीटरवर हात थांबवला.

शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने विचारलं,
किती उरलं?

आहे, म्हणाली.
तुझ्या वेळेला पुरेल.